आपल्या मनाचा धुरा



नोकरीच्या काळात आम्ही वॉर्डात कितीतरी बायकांची मलमपट्टी केली. डोळ्याखाली काळेनिळे, हाताचे हाड मोडलेले, आणि केसपेपरवर लिहिलेले, ‘घरात पाय घसरून पडली.’ शेजारी नवरा उभा. आम्ही ड्रेसिंग करायचो, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचो आणि पुढच्या खाटेकडे वळायचो. नवऱ्याला दोन मिनिटे बाहेर पाठवून ‘बाई, खरं काय झालं?’ एवढे विचारायला आम्हाला बरीच वर्षे लागली. ही चूक आमची होती. आता विहारातल्या रविवारच्या बैठकीत बायका बोलतात तेव्हा कळते, की जखम पंधरा दिवसांत भरते, पण त्या घरातून बाहेर पडून वर्ष झाले तरी बाई आतून घाबरलेलीच असते. या वेळी या आतल्या दुखण्याविषयी.

शरीर लवकर विसरत नाही

गल्लीत मोटारसायकलचा आवाज आला की छाती धडधडते. रात्री दोनला जाग येते. डोके दुखते, पित्त वाढते, पाळी मागेपुढे होते. तपासण्या मात्र ‘नॉर्मल’ येतात, आणि घरचे म्हणतात, हिला नाटकं सुचतात. ही नाटकं नाहीत. रोज मार किंवा शिव्या खाणाऱ्या माणसाचे शरीर सतत सावध राहायला शिकते. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही धोक्याच्या वेळची संप्रेरके वारंवार वाढत राहतात. धोका टळला तरी शरीराला ते पटायला वेळ लागतो. याला वेड म्हणत नाहीत, आणि यावर उपचार आहेत.

दुसरी गोष्ट बायका खाली मान घालून सांगतात. एक जण म्हणाली, “बाई, इतकं मारलं त्यानं, तरी मले त्याची आठवण येते. माह्यातच काही खोट आहे का?” खोट नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 साली या फेऱ्याचे वर्णन केले : आधी घरात ताण वाढतो, मग मारहाण होते, मग माफी, रडणे, नवी साडी. पुन्हा ताण. प्रत्येक घरात हे याच क्रमाने घडते असे नाही, पण जिथे घडते तिथे मन त्या गोड दिवसांची वाट पाहत राहते. आठवण येणे हा परत जाण्याचा निरोप नव्हे.

आणि तुम्ही एकट्या नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले, त्यांतल्या 100 पैकी 77 जणींनी त्याआधी कोणाकडे मदत मागितली नव्हती, कोणाला सांगितलेही नव्हते.

मर्यादा नको, धुरा म्हणा

‘स्वतःची मर्यादा आखा’ असे समुपदेशक सांगतात. पण आपल्याला हा शब्द लहानपणापासून वेगळ्या अर्थाने ऐकवला आहे : मर्यादेत राहा, आवाज खाली ठेव. म्हणून आम्ही बैठकीत शेतातला शब्द वापरतो, धुरा. धुरा म्हणजे भिंत नव्हे. धुऱ्यावरून शेजारी ये-जा करतो, बोलतो, पाणी मागतो. पण त्याने धुरा कोरून दोन तास आत घातले, तर आपण गप्प बसत नाही. मनाचे आणि शरीराचेही तसेच.

‘तू पिऊन येऊ नको’ ही विनंती झाली. ती पाळणे त्याच्या हाती. ‘तू पिऊन आलास तर मी दार उघडणार नाही’ हा धुरा, कारण यात काय करायचे ते आपल्या हाती आहे. आपल्या जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, तरी दारू कुठे मिळते हे सगळ्या गावाला ठाऊक असते. ‘दारूमुळे मारतो’ हेही आपण मान्य करून टाकतो. पण तोच माणूस पिऊन सरपंचाला मारत नाही, दुकानदाराला मारत नाही. हात कुठे उचलायचा हे त्याला प्यायल्यावरही कळते.

सुरुवात लहान गोष्टीने करावी. रात्री नऊनंतर त्याचा फोन घ्यायचा नाही. मुलांना भेटायचे तर बहिणीच्या घरी, चार माणसांत. बँकेचे पासबुक आणि एटीएम आपल्याजवळ. नातेवाईक निरोप घेऊन आले तर एकच उत्तर, ‘यावर मी बोलणार नाही.’ कारणे देत बसू नये. कारण दिले की वाद सुरू होतो.

क्षांती म्हणजे मार खाणे नव्हे

‘आपण बुद्धाची लेकरं, सहन करावं’ असे आपल्याच घरात सांगितले जाते. राजगृहात एक ब्राह्मण तथागतांना शिव्या देत आला. पाहुण्याने वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाचे, असे तथागतांनी त्याला विचारले. यजमानाचेच, असे त्याने मान्य केले. तशाच या शिव्याही मी स्वीकारत नाही, त्या तुझ्याकडेच राहिल्या, असे तथागतांनी त्याला सांगितले. ते चिडले नाहीत, पण त्यांनी ते घेतलेही नाही. सिगालोवाद सुत्तात तर नवऱ्याची कर्तव्ये मोजून सांगितली आहेत, आणि बायकोचा मान राखणे व तिचा अपमान न करणे ही त्यांत सुरुवातीलाच येतात. मैत्री भावनेची सुरुवातही स्वतःपासून करायची असते.

जुलै 1942 मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद झाली. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होण्यास नकार द्यावा, असे बाबासाहेबांनी तिथे बायकांना सांगितले. तेव्हा ‘पोलिसात गेलीस तर समाजाची बदनामी होईल’ म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे. मंचावर सावित्रीमाईंचे नाव घेणारा हात घरी बायकोवर उठतो, तेव्हा बदनामी कोण करतो?

जिवाला धोका असेल तर

इथे सावध राहावे. नाते तोडताना आणि त्यानंतरचे काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. हिंगणघाटला 3 फेब्रुवारी 2020 रोजी एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिले गेले. सात दिवसांनी ती गेली. ज्याचा ‘नाही’ ऐकून घेण्याचा वकूब नव्हता, त्या माणसाला 2022 मध्ये जन्मठेप झाली. दोष तिच्या ‘नाही’मध्ये नव्हता. म्हणून ज्याने गळा दाबला, मारून टाकीन म्हटले किंवा पाळत ठेवली, त्याला आपला बेत आधी सांगू नये. गुपचूप तयारी करावी : आधार कार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे, औषधे एका पिशवीत, आणि विश्वासाच्या एका माणसाला कल्पना. गळा दाबला असेल तर वरून खूण दिसली नाही तरी दवाखान्यात जावे. आतली सूज नंतर वाढू शकते.

तातडीने पोलीस हवे असतील तर 112. महिला हेल्पलाइन 181. मोफत वकिलासाठी 15100 : बाईला उत्पन्नाची अट नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकारी अर्ज करून देतात, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. मनाच्या दुखण्यासाठी टेलिमानस 14416, दिवसरात्र. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच क्षणी कोणाला तरी सांगावे, आणि फवारणीचे औषध घरात ठेवू नये, शेजाऱ्याकडे कुलपात ठेवावे.

उमेद

बचत गटामुळे ‘उमेद’ हा शब्द आता गावोगाव माहीत आहे. ती एकदम येत नाही. आमच्या बैठकीतल्या एका मैत्रिणीने माहेरी आल्यावर तीन महिन्यांनी स्वतःसाठी चहा केला आणि त्यात आलं टाकलं. नवऱ्याला आलं चालत नव्हतं, म्हणून अकरा वर्षे तिने ते टाकलं नव्हतं. “मले आवडते, हेच मी विसरली होती,” ती म्हणाली. ती अजून रात्री दचकते. पण दुपारी शिवणकाम करते आणि रविवारी बैठकीला येते. आमच्या अनुभवात उमेद अशीच येते, आधी एखाद्या आवडीतून, मग एखाद्या ‘नाही’तून.

आईबाबांना एकच विनंती. पोर उन्हात पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तर ‘जावई काय म्हणतील’ हे नंतर. आधी तिला पाणी द्या, निजू द्या. ती स्वतः सांगेपर्यंत तिला परत पाठवू नका.

जय भीम.