कॉम्प्युटरचा वेग वाढवताय? आधी उष्णता आणि लाईट सांभाळा!

बोर्ली पंचतन : मोबाईलवर एखादा व्हिडिओ बघितला की आपणही पीसी ‘ओव्हरक्लॉक’ करावा असं वाटतं. पण घरात कॉम्प्युटर एकच, आणि मुलांचा अभ्यास, ऑनलाईन फॉर्म, लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग सगळं त्यावरच. तो बंद पडला तर खर्च मोठा. म्हणून आधी नीट समजून घेऊ.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?
कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणे. मूळ घड्याळ साधारण 100 मेगाहर्ट्झचं असतं. मल्टिप्लायर 36 असेल तर वेग 3.6 गिगाहर्ट्झ, 38 केला तर 3.8. म्हणजे फायदा जेमतेम साडेपाच टक्के. व्होल्टेज मात्र 10 टक्के वाढवलं तर वीज आणि उष्णता साधारण 21 टक्क्यांनी वाढते. खरा धोका इथेच आहे.

आपल्या पीसीवर होईल का?
इंटेल असेल तर प्रोसेसरच्या नावात ‘के’ आणि मदरबोर्ड झेड मालिकेचा लागतो. एएमडी रायझेनचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर खुले असतात, पण ए320, ए520 बोर्डवर ही सोय नाही. बी450, बी550 वर आहे. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड पीसीवर बहुधा हे होतच नाही. लॅपटॉपवर तर करूच नका. तिथे एसएसडी टाका, रॅम वाढवा. फरक जास्त जाणवेल.

किनाऱ्यावर जास्त काळजी का?
पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. थंडीत खोली 22 अंश असताना प्रोसेसर 78 वर थांबला, तर मे महिन्यात 34 अंशांत तोच 90 च्या आसपास जाईल. त्यात खारी, दमट हवा आणि धूळ. म्हणून चाचणी भर दुपारी घ्या.

असं करा
1. महत्त्वाच्या फाईल्स दुसरीकडे कॉपी करून ठेवा.
2. पीसी बंद करून, वायर काढून कूलरची धूळ झाडा. थर्मल पेस्ट सुकली असेल तर नवी लावा.
3. आधी मूळ वेगावर सिनेबेंच चालवून एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान आणि व्होल्टेज बघा. आकडे वहीत लिहा.
4. बायोसमध्ये मल्टिप्लायर फक्त एकाने वाढवा. व्होल्टेजला हात लावू नका. काही बोर्ड ते आपोआप वाढवतात, म्हणून आकडा पुन्हा तपासा.
5. अर्धा तास चाचणी घ्या. तापमान 85 च्या वर गेलं, पीसी अडकला किंवा निळी स्क्रीन आली तर एक पायरी मागे या.
6. पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका. मदरबोर्डच्या पुस्तिकेप्रमाणे ‘क्लिअर सीमॉस’ केलं की मूळ सेटिंग परत येतं.

लाईटचं काय?
3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन तालुक्याने किती दिवस अंधारात काढले, ते वेगळं सांगायला नको. एरवीही लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस नसेल तर बायोस अपडेट करूच नका. मधेच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. नवा यूपीएस घेताना वाढलेल्या वीजवापराचा हिशेब धरा.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. पीसी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत थांबलेलं बरं.