हे फळ कुणी तोडलं?

गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावातही आता फळगाडीवर किवी आणि परदेशी सफरचंद दिसतं. नोकरदारांची वस्ती आहे, आजाऱ्याला भेटायला जाताना फळं न्यायची रीत आहे, त्यामुळे माल खपतो. इराण, तुर्कस्तान, अमेरिकेचं सफरचंद जहाजाने येतं आणि मोठ्या बाजारांतून ट्रकने इकडे पोचतं. त्यावरच्या स्टिकरवर चार अंक असतील तर ते नेहमीच्या पद्धतीने पिकवलेलं, 9 ने सुरू होणारे पाच अंक असतील तर सेंद्रिय. तोडणाऱ्या मजुराच्या हाती काय पडलं, ते तिथे लिहिलेलं नसतं.

युरोपात गिऱ्हाइकांनी हा प्रश्न लावून धरला. 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर ‘मॅक्स हॅवेलार’ ही खूण आली. न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे फेअरट्रेडच्या, या खुणेत पुढे केळीही आली. फेअरट्रेड केळीला बाजार पडला तरी ठरलेला किमान भाव मिळतो. शिवाय 18.14 किलोच्या खोक्यामागे एक डॉलर वेगळा येतो, आणि तो कशावर खर्च करायचा ते शेतकरी-मजूर मिळून ठरवतात. अशी खूण असलेलं फळ आपल्या बाजारात सहसा दिसत नाही. मे 2023 मध्ये केंद्राने भूतान वगळता किलोला 50 रुपयांहून स्वस्त सफरचंदाची आयात बंद केली. त्याने इथल्या बागायतदाराला आधार मिळाला, पण तिकडच्या मजुराच्या हातात काही पडलं नाही.

लांबून आलं म्हणून फळ वाईट, असं मी म्हणणार नाही. जहाजाने आलेल्या सफरचंदापेक्षा विमानाने आलेल्या बेरीचा इंधनखर्च कितीतरी जास्त असतो. पण जो प्रश्न इराणच्या बागेपर्यंत पोचत नाही, तो आपल्या जंगलापर्यंत नक्की पोचतो, आणि तिथे तो अधिक निकडीचा आहे.

चारोळीचंच बघा. उन्हाळ्यात चार, म्हणजे चारोळीची फळं, पिकतात. ती वेचायची, पाण्यात भिजवून चोळून साल काढायची, आतली टणक गुठळी वाळवायची, मग जात्यात हलक्या हाताने भरडायची. जरा जोर पडला की आतल्या दाण्याचा चुरा होतो. एवढं करून दाणा शहरात किलोला हजाराच्या वर विकला जातो. गुठळीसाठी सरकारने 2020 मध्ये ठरवलेला किमान भाव होता किलोला 126 रुपये. गुठळी फोडून दाणा निघतो थोडाच, हे खरं. तरी भरडण्याची सोय गावात नसेल तर वरचा पैसा गावाबाहेरच राहतो.

भाव माणसाला मारतो, तशी घाई झाडाला मारते. ‘मी सोडलं तर दुसरा नेईल’ म्हणून चार हिरवी असतानाच ओरबाडली जातात, हात पोचला नाही की फांदीच तोडली जाते. कच्च्या फळाचा दाणा बारीक राहतो, आणि बी पडायलाच उरलं नाही तर नवं रोप येणार कुठून?

ही घाई थांबवता येते, हे आपल्याच जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने दाखवलं आहे. 2012 मध्ये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने बसून स्वतःचे नियम केले आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. कारण नवी पानं फुटावीत म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, रानाला आग लावतात. छाटलेलं झुडूप वाढून झाड होत नाही, टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाही. हंगामाचा रोख पैसा गावाने सोडला, आणि टेंभरं माणसांना, पाखरांना, अस्वलांना ठेवली. बांबूच्या विक्रीतून रोजगार उभा राहिला म्हणून हे पेललं, हेही सांगायला हवं. पोटाची सोय नसलेल्या गावाला झाड वाचवायला सांगणं अन्यायाचं आहे.

जिवती-कोरपन्याच्या कोलाम आणि गोंड पाड्यांतही चाराबाबत असं ठरू शकतं: अमुक दिवसाआधी कुणी चढायचं नाही, फांदी तोडायची नाही. मात्र तो नियम टिकायचा तर पिकलेल्या मालाला चढा भाव देणारं गिऱ्हाईक हवं, आणि ते गडचांदुरात आहे. किवीला मोजतो तेवढा पैसा मोजायची तयारी ठेवून चारोळी विकणाऱ्या बाईला एवढंच विचारावं, की ही पिकल्यावर वेचलेली आहे का. हो म्हणाली तर घासाघीस करू नये.