सत्तावीस वर्षं आणि दर पावसाळा

स्टीफन किंगची ‘इट’ 1986 च्या सप्टेंबरात आली. अकराशेहून जास्त पानं, मेन राज्यातलं डेरी नावाचं काल्पनिक गाव, सात मुलं, आणि साधारण दर सत्तावीस वर्षांनी जागं होऊन पोरांचा घास घेणारं गटारातलं एक काहीतरी. तिच्यावरची मालिका 1990 ची आणि पहिला सिनेमा 2017 चा. दोघांत अंतर पुन्हा सत्तावीस वर्षांचंच, हा योगायोग चाहते अजून चघळतात.

जव्हारला वाढलेल्या आमच्यासारख्यांना किंग भेटला तो नारायण धारपांच्या मार्फत, त्याचं नावही ठाऊक नसताना. वाचनालयातली धारपांची पुस्तकं हातोहात फिरून खिळखिळी झालेली असत. त्यांची ‘आजी’ ही कथा किंगच्या ‘ग्रामा’वरून बेतलेली आणि तीच पुढे 2018 च्या ‘तुंबाड’मध्ये डोकावली, तर ‘शपथ’मध्ये जाणकारांना ‘इट’ची सावली दिसते, हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की पावसाळ्यात वीज गेल्यावर कंदिलाशी बसून वाचायचं पुस्तक हेच.

मूळ ‘इट’ पहिल्यांदा वाचली तेव्हा सगळा जीव गटारातल्या त्या विदूषकात, पेनीवाइजमध्ये अडकला होता. पावसात कागदी होडीमागे धावणारा जॉर्जी आणि गटाराच्या तोंडाशी थांबलेला पेनीवाइज या सुरुवातीने जी पकड बसते ती हजार पानं सुटत नाही. आता पुन्हा वाचताना विदूषक बराच मागे सरकला. शेवटी तो घेतो ते कोळ्याचं रूप तर फिकंच वाटलं. शिवाय गटारातून बाहेर पडताना मुलांचा एक प्रसंग आहे, तो किंगने लिहायलाच नको होता. त्याचं कुठलंही समर्थन मला पटत नाही.

पुढे आली ती मोठी माणसं. सात मुलांतल्या बेव्हर्लीच्या न्हाणीघरातल्या बेसिनमधून रक्त उसळतं, भिंती माखतात, आणि तिच्या बापाला त्यातलं काही दिसत नाही. दिसतं ते तिच्या मित्रांना. ती पोरं बादली आणि फडकी घेऊन सगळं पुसून काढतात, मग ती फडकी धुवायला धुलाईच्या दुकानात नेतात. मैत्रीवर किंगने शेकडो पानं लिहिली असतील, पण माझ्या मते सगळ्यांत चांगली हीच. ‘तुला दिसतं ते आम्हालाही दिसतं’ याहून जास्त बाराव्या वर्षी कुणाकडून काय हवं असतं? आणि तिचाच आणखी एक प्रसंग. गुंड पोरं पाठीमागे लागलेली असताना ओसरीवर बसलेला एक शेजारी ते पाहतो, उठतो, वर्तमानपत्राची घडी घालतो आणि घरात निघून जातो. सगळ्या पुस्तकात याच्याइतका भयंकर कोणी नाही.

जव्हार-मोखाड्याच्या पोरांना राक्षस पाहायला पुस्तक लागत नाही. होळीच्या आगेमागे गावोगाव बोहाडा भरतो. रात्र चढते, टेंभे पेटतात, संबळ घुमू लागतं आणि एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, मग सरस्वती, पुढे देव-दानवांची रांगच. रावण येतो, त्राटिका येते. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मुखवटे. जव्हारजवळच्या रामखिंडला ते घडवणारे कारागीर आजही आहेत. टेंभ्याच्या हलत्या उजेडात रावणाचा मुखवटा अंगावर आला की पुढच्या रांगेतली पोरं किंचाळत मागच्यांच्या मांडीत घुसतात आणि लगेच पुन्हा पुढे सरकतात. पहाटेकडे जगदंबा आणि महिषासुर यांचं युद्ध होतं, महिषासुर पडतो, आणि अख्खं गाव ते जागं राहून पाहतं.

‘इट’च्या शेजारी बोहाडा ठेवला की एक फरक ठळक होतो. पेनीवाइजला स्वतःचा चेहराच नाही. ज्याला ज्याची धास्ती त्याचं रूप तो घेतो, म्हणून प्रत्येक पोर आपापल्या भीतीत एकटं पडतं. आमच्याकडे सोंगाचा मान ठरलेल्या घराण्याकडे असतो. रावण कुणाच्या घरी आहे, तो वर्षभर कुठे गुंडाळून ठेवलेला असतो, हे पोरांना माहीत असतं. भीतीला पत्ता असतो. रात्री अंगावर धावून आलेला राक्षस सकाळी लाकडाची मोळी घेऊन वाटेत भेटतो आणि विचारतो, “काय रे, भ्यालास का?” सगळ्या गावाने मिळून, देवाच्या निमित्ताने, पोरांना मधोमध बसवून केलेली ही भीतीची तालीम आहे. तिथे घडी घालून घरात जाणारा शेजारी नसतो.

तो असतो दुसऱ्या बाबतीत.

1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालकं कुपोषणाने दगावली. मंत्र्यांच्या गाड्या आल्या, मुंबईचे पत्रकार आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं. मग बातमी शिळी झाली. 2014 च्या ऑगस्टमध्ये जव्हार-मोखाडा धरून ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि दोनच वर्षांनी मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा पहिली पानं भरली. पुन्हा दौरे, पुन्हा घोषणा. 2025 च्या जूनमध्ये मोखाड्यातल्या एका बापाला रुग्णवाहिका मिळाली नाही आणि त्याने आपलं मृत नवजात बाळ पिशवीत घालून नाशिकहून एसटीने गावी आणलं. हेही छापून आलं, आणि घडी घातली गेली.

डेरीतलं भूत निदान सत्तावीस वर्षं झोपतं. इथे दर पावसाळ्यात घरातलं धान्य सरतं. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं भिवंडी-वसईकडून पावसाच्या तोंडाशी परततात, वाटेत पोरांच्या लसी आणि वजनं चुकलेली असतात, ओढे भरले की पाड्यांचे रस्ते तुटतात. कारणं इतकी उघडी आहेत की त्यांना गूढ म्हणण्याची सोय नाही. डेरीचं भूत गावाच्या नळांतून बोलतं. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. हे किंगला सुचलं असतं तर संपादकाने जरा भडक होतंय म्हणून काढायला लावलं असतं.

कादंबरीत आणखी एक मेख आहे. डेरी सोडून गेलेली सहाही मुलं यशस्वी होतात, पैसा कमावतात, आणि सगळं विसरतात. मित्रांची नावंसुद्धा. गावात राहतो तो माइक हॅनलन. तो ग्रंथपाल होतो, जुनी वर्तमानपत्रं चाळतो, म्हाताऱ्यांना बोलतं करतो, कोणत्या वर्षी किती मुलं गेली ते लिहून ठेवतो. त्याला मोबदला मिळतो तो साधी नोकरी आणि एकटेपणा. सत्तावीस वर्षांनी उरलेल्यांना फोन करणारा तोच. जव्हार सोडून ठाणे-कल्याणला स्थिरावलेल्या माझ्यासारख्यांना ही पानं वाचताना खुर्चीत चुळबुळ होते.

मोखाड्याचे माइक मी पाहिले आहेत. अंगणवाडी सेविका आणि आशाताई. दंडाचा घेर मोजायची पट्टी, वजनकाटा आणि नोंदवही. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टी लाल दाखवते आणि ते पोर ‘सॅम’च्या, म्हणजे तीव्र कुपोषितांच्या यादीत जातं. ही यादी दर महिन्याला वर जाते. भूत आहे की नाही यावर वाद घालायला इथे जागाच नाही. त्याचं माप सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं आहे.

म्हणून या खेपेला कादंबरीचा नायक मला मुलांचा म्होरक्या बिल डेनब्रो वाटला नाही, माइक वाटला. त्याच्या टिपणांची प्रकरणं मधूनमधून येतात, कथेचा वेग अडवतात, आणि बरेच वाचक ती गाळून पुढे जातात. ‘इट’ हातात घेणार असाल तर तेवढी पानं गाळू नका.