थंडीत गॅलरीतली रोपवाटिका

चाकणची ओळख आज मोटारींच्या कारखान्यांची असली, तरी हा पट्टा मुळात कांद्याचा. कांदा व लसूण संशोधन संचालनालय इथून जवळच, राजगुरुनगरला आहे. रब्बीच्या ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ या जाती तिथल्याच. म्हणून पिंपरी-चिंचवडच्या गॅलरीतला थंडीचा पहिला ट्रे कांद्याचाच असावा, असं मनापासून वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून बी 1 सेंटिमीटर खोल पेरा. 7-8 आठवड्यांत रोपं लावणीला येतात. कांद्याचं बी फार टिकत नाही, वर्षभरातच त्याची उगवणशक्ती घटते. पाकिटावरची तारीख आधी पाहा.

धणे हलके रगडून त्यांच्या दोन डाळी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. मेथी 4-5 दिवसांत वर येते. पिटुनियाचं बी मातीने झाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो. त्या गारव्यात टोमॅटो-मिरचीचं बी रखडतं, म्हणून हे ट्रे रात्री घरात घ्या. मनी प्लांटची वाढही मंदावते. कुंडीतली वरची माती सुकल्याशिवाय त्याला पाणी घालू नका.