पुडी आणि कंटेनर

अंमली पदार्थांचा मध्यवर्ती कायदा 14 नोव्हेंबर 1985 रोजीं अमलांत आला. त्यापूर्वीं 1857 व 1878 चे अफूचे कायदे आणि 1930 चा घातक औषधांचा कायदा यांवर काम भागत असे. त्या कायद्यांच्या कर्त्यांचें लक्ष रयतेच्या प्रकृतीपेक्षां अफूच्या उत्पन्नाकडे अधिक होतें, हें इतिहास जाणणारांस सांगावयास नको. आतांचा कायदा आमच्याच प्रतिनिधींनीं केलेला असल्यामुळें त्याची परीक्षा करतांना भीड धरण्याचें कारण नाहीं.

2001 च्या दुरुस्तीपासून या कायद्यांतील शिक्षेचा सारा डोलारा तराजूवर उभा आहे. हेरॉईन 5 ग्रॅमपर्यंत असेल तर तें अल्प, 250 ग्रॅमच्या वर गेलें कीं व्यापारी, आणि उरलें तें मधलें. तरुणांत ज्याचा सध्यां बोलबाला आहे त्या मेफेड्रोनला, म्हणजे एमडीला, हींच मापें 2 व 50 ग्रॅम आहेत. अल्प मालास फार तर एक वर्ष, मधल्यास दहा वर्षांपर्यंत, व्यापारी मालास मात्र किमान दहा व कमाल वीस वर्षें सक्तमजुरी. शिवाय व्यापारी मापांत कलम 37 आडवें येतें. आरोपी निर्दोष मानण्यास सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्यावांचून त्यास जामीन मिळत नाहीं. (भांगेच्या नुसत्या पानांस या कायद्यानें हात लावलेला नाहीं, होळीची एवढी तरी बूज राखली गेली!)

परंतु तराजूंत घालावयाचें काय? 2008 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, भेसळ वगळून शुद्ध द्रव्य तेवढें मोजावें. पुढच्याच वर्षीं सरकारनें अधिसूचना काढून तें फिरविलें, आणि एप्रिल 2020 मध्यें हिरासिंग खटल्यांत तीन न्यायमूर्तींनीं सरकारचें म्हणणें उचलून धरलें. त्यांचा युक्तिवाद निराधार नाहीं. गिऱ्हाइकाच्या हातीं भेसळच पडते, आणि जीवही तीच घेते. तथापि हिशेब करून पाहावा. ज्याला लोक गर्द म्हणतात अशी 260 ग्रॅम भुकटी एखाद्याजवळ सांपडली, तींत हेरॉईन अवघें 10 ग्रॅम असलें, तरी दहा वर्षांखालीं शिक्षा नाहीं. उलट 200 ग्रॅम शुद्ध माल बाळगणारास किमान शिक्षेचें बंधन नाहीं, आणि त्याच्या जामिनास कलम 37 ची आडकाठीही नाहीं. भेसळ साखळीच्या शेवटच्या टोंकास अधिक होते. म्हणजे खडूच्या वजनाचा दंड नाक्यावरच्या पोरानें भोगावयाचा!

त्या साखळीचें दुसरें टोंक आमच्या दाराशींच दिसलें आहे. जुलै 2022 मध्यें पनवेलजवळ अजिवली येथें, दुबईहून आलेल्या एका कंटेनरांतून नवी मुंबई व पंजाब पोलिसांच्या कारवाईंत सुमारें 72 किलो हेरॉईन निघालें. व्यापारी मापाच्या अडीचशे पटींहून अधिक असा हा माल! तरी कायद्याच्या पुस्तकांत तो कंटेनर आणि ती 260 ग्रॅमची पुडी एकाच पायरीवर बसतात, आणि दोघांची शिक्षा दहा वर्षांपासूनच सुरू होते. विष विकणारांची कींव करा असें आम्ही म्हणत नाहीं. कंटेनरच्या धन्यास वीस वर्षेंही थोडींच वाटतील. परंतु धनी समुद्रापलीकडे आणि हमाल हाताशीं, अशा व्यवहारांत जो कायदा दोघांत भेद करीत नाहीं, त्याचा सारा भार हमालावरच पडणार. खटला लांबत गेला तर तेवढ्या कारणानेंही जामीन देतां येतो, असें सर्वोच्च न्यायालयानें मार्च 2023 मध्यें म्हटलें, हा मात्र मोठा दिलासा आहे.

रासायनिक तपासनीसानें शुद्ध द्रव्याचें प्रमाण प्रत्येक अहवालांत लिहावें, आणि निदान किमान शिक्षेपुरतें तरी न्यायाधीशास तें विचारांत घेण्याची मोकळीक असावी, एवढी दुरुस्ती संसदेनें करावी. दुसऱ्या एका गोष्टीस तर नवा कायदाही नको. कलम 64-अ प्रमाणें व्यसनी मनुष्य केवळ सेवनाबद्दल वा अल्प मालाबद्दल पकडला गेला, आणि त्यानें सरकारमान्य ठिकाणीं आपण होऊन उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाहीं. ही तरतूद पनवेलच्या किती आईबापांस ठाऊक असेल? आरोपी प्रथम उभा राहील त्याच दिवशीं दंडाधिकाऱ्यांनीं ती त्यास त्याच्या भाषेंत वाचून दाखवावी, आणि उपचार कोठें मिळतील त्या ठिकाणांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर मराठींत लावावी.