ब्रिस्टलनंतरची मोजणी

१९८८ साली स्टीफन बोल्सिन भूलतज्ज्ञ म्हणून इंग्लंडमधल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात रुजू झाले. तान्ह्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया इथे फार लांबतात आणि फार मुलं दगावतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नोंदी जमवल्या, वरिष्ठांच्या कानावर घातलं. तरीही शस्त्रक्रिया १९९५पर्यंत चालूच राहिल्या. इयन केनेडी यांच्या चौकशीचा अहवाल २००१मध्ये आला, तेव्हा हिशेब समोर आला: १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली होती. आकडे उपलब्ध होते. ते वाचून जाब विचारणं हे कुणाचंच काम नव्हतं.

मोजलं पाहिजे, हे तेव्हा सर्वांना पटलं. न्याय्य कसं मोजायचं, हे शिकायला मात्र वेळ लागला. हृदयाच्या पडद्याचं छिद्र बुजवणं आणि हृदयाची डावी बाजू न वाढलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करणं, यांची जोखीम सारखी नसते. अवघड बाळं स्वीकारणाऱ्या केंद्राचा मृत्युदर जास्त दिसणारच. त्यावरून ठपका ठेवला, तर उद्या त्या बाळांना कुणी दारात घेणार नाही. शिवाय योगायोगही असतो. वर्षाला १०० शस्त्रक्रिया आणि २ टक्के जोखीम धरली, तरी एखादं वर्ष मृत्यूविना जातं, एखाद्या वर्षी चार मृत्यू होतात. डॉक्टरांचं कौशल्य तेच असतं.

नोंदीच अपुऱ्या असल्या तर काय होतं, तेही दिसलं. मार्च २०१३मध्ये लीड्सच्या रुग्णालयातल्या बालहृदयशस्त्रक्रिया अपुऱ्या नोंदींवरून थांबवल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाल्या. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या आईवडिलांचा त्या दिवसांत किती जीव टांगणीला लागला असेल!

याच दशकात संशोधक क्रिस्टिना पेजल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘प्रेज’ पद्धत रुजली. वय, वजन, निदान, शस्त्रक्रियेचा प्रकार यांवरून ती शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांनी बाळ जिवंत असण्याची शक्यता काढते. त्यातून प्रत्येक केंद्राचा अपेक्षित पल्ला ठरतो आणि प्रत्यक्ष निकाल त्याच्याशी ताडला जातो. २०१६मध्ये ही माहिती पालकांच्या मदतीने सोप्या भाषेत खुली झाली.

म्हणूनच केंद्रांची क्रमवारी लावणं मला अन्यायाचं वाटतं. प्रत्येक केंद्राने पूर्ण नोंदी द्याव्यात, निकाल पल्ल्याखाली गेला की लगेच चौकशी व्हावी, आणि दोष कुणाचा हे चौकशीनंतरच ठरावं. एवढं कसोशीने पाळलं, तर बाळंही वाचतील आणि अवघड बाळांसाठी झटणारे डॉक्टरही.