बोलेल तोच एडिटर!

एक कंस बंद करायचा राहिला म्हणून रात्रीचे दोन वाजलेत, असं तुमचं कधी झालंय? झालंच असणार. तेव्हा तुम्ही काय करता? डोळे चोळत स्क्रीनवर वर-खाली जाता, कुठेतरी लाल नागमोडी रेघ दिसते आणि कपाळाला हात लावता. आता हाच कंस कानाने शोधायचाय अशी कल्पना करा.

अंध प्रोग्रामर हेच करतो. त्याच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं. कर्सर जिथे जाईल तिथला मजकूर ते बोलून दाखवतं. सवय झालेली मंडळी ते एवढ्या वेगाने ऐकतात की शेजारी बसलेल्याला नुसती किरकिर वाटते. पण एक गंमत आहे. स्क्रीन रीडर मुळात साधा मजकूर वाचायला सेट केलेला असतो, त्यामुळे विरामचिन्हांकडे तो जरा दुर्लक्षच करतो. वर्तमानपत्रातली बातमी ऐकताना ते बरं वाटतं, पण कोडमध्ये अर्धविराम गिळला गेला की खेळ खल्लास. म्हणून एनव्हीडीए वापरणाऱ्याने पहिल्याच दिवशी शिकायची गोष्ट म्हणजे इन्सर्ट आणि पी ही बटणं एकत्र दाबून चिन्हांची पातळी 'सर्व'वर नेणं. ऐकायला कंटाळवाणं होतं, पण कंस तरी सापडतो.

हे सगळं आजकालचं आहे असं वाटत असेल तर जरा पुण्याला चला. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. वाडिया कॉलेजातून गणित केलं, मग पवईच्या आयआयटीत आले आणि तिथून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात. 1994 मध्ये त्यांनी पीएचडीसाठी 'ॲस्टर' नावाची प्रणाली केली. गणिताची अवघड समीकरणं ती आवाजातून समजावते. नाव ठेवलं त्यांच्या वाटाड्या कुत्रीवरून. (प्रबंधाला कुत्रीचं नाव द्यायची हिंमत आपल्याकडच्या गाइडसमोर करून बघा!)

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं काम त्यानंतरचं. 1995 मध्ये त्यांनी 'इमॅक्सस्पीक' लोकांना दिलं. इमॅक्स हा जुना, तगडा टेक्स्ट एडिटर. रामन यांनी काय केलं, तर स्क्रीनवर काय दिसतंय ते बाहेरून वाचण्याऐवजी एडिटरलाच आतून बोलतं केलं. फरक मोठा आहे. बाहेरून वाचणाऱ्याला फक्त अक्षरं कळतात. एडिटरला मात्र ठाऊक असतं की ही कमेंट आहे, हा कीवर्ड आहे. मग तुम्हाला कमेंट हिरव्या रंगात दिसते तशी ती रामन यांना वेगळ्या आवाजात ऐकू येते. रंगांच्या जागी आवाज! पुढे ते गुगलमध्ये गेले.

मग सगळ्यांनी इमॅक्स घ्यावा का? माझं प्रामाणिक मत, पहिल्या वर्षाला असाल तर नको. त्याची बटणं शिकण्यातच सेमिस्टर जाईल.

विंडोजवर आज साधा, सोपा रस्ता म्हणजे एनव्हीडीए आणि व्हीएस कोड. एनव्हीडीए फुकट आहे, ही आपल्याकडे फार मोठी गोष्ट आहे. जॉजसारख्या जुन्या, नावाजलेल्या स्क्रीन रीडरचा परवाना सगळ्यांच्या खिशाला परवडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतला. तो बराचसा पायथॉनमध्ये आहे आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. म्हणजे तुम्ही पायथॉन शिकलात तर स्वतःच्या कानातल्या आवाजाचीच दुरुस्ती करू शकता.

पायथॉनचं नाव निघालंच आहे, तर त्यातली सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा. चार स्पेस की आठ, यावर प्रोग्रामचा अर्थ बदलतो आणि मोकळी जागा तर ऐकूच येत नाही. एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये यावर उपाय आहे. एकतर तो 'चार स्पेस' असं बोलतो, नाहीतर सूर वाजवतो. जेवढं आत जाल तेवढा सूर चढतो. सूर घ्या, असं मी सांगेन. शंभर वेळा 'चार स्पेस' ऐकून डोकं उठतं.

व्हीएस कोडही अशाच छोट्या आवाजांनी बोलतो. चूक असलेल्या ओळीवर गेलात की एक आवाज, ब्रेकपॉइंटवर दुसरा. दादर स्टेशनवर अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे वाजणारा तो 'टीं टीं' आठवतोय? तुम्ही रोज ऐकून सोडून देता, पण पांढरी काठी घेतलेला माणूस त्यावरून बरोबर डब्यापाशी उभा राहतो. तीच ही युक्ती. एफ 8 दाबलं की पुढच्या चुकीवर, कंट्रोल आणि जी दाबलं की हव्या त्या ओळीवर. ऑल्ट आणि एफ 1 दाबलं की अशा सोयींची सगळी माहिती समोर येते.

उलट सब्लाइम टेक्स्ट. दिसायला देखणा, वेगवान, मित्रमंडळी त्याच्या प्रेमात. पण तो मजकूर स्वतःच चितारतो आणि तिथे काय लिहिलंय ते स्क्रीन रीडरला सांगतच नाही. कितीही टाइप करा, कानात शांतता.

आता खरी अडचण. एडिटर निवडतं कोण? घरी तुम्ही, पण कॉलेजच्या लॅबमध्ये सर. तिथल्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवर ठेवता येते, ती इन्स्टॉल न करता चालते. पण पेनड्राइव्हच बंद असेल, किंवा नोकरीच्या ऑनलाइन टेस्टमधला एडिटर मुका असेल, तर येत असलेलं गणितही चुकतं. म्हणून परीक्षेच्या दिवशी नाही, अ‍ॅडमिशनच्या आठवड्यातच लॅबमध्ये जाऊन दहा ओळी लिहून बघा. चालत नसेल तर तेव्हाच लेखी अर्ज द्या. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तुमच्या बाजूने आहे.

आणि लालबाग-परळवाल्यांची वेगळीच कथा. सप्टेंबरात सबमिशन, खाली ढोल-ताशा आणि कोड तर कानानेच वाचायचा. तिथे चढता सूर काय कामाचा? बोटांनी वाचायचा ब्रेल डिस्प्ले असतो, पण तो महाग. बहुतेकांच्या हाती उरतात ते लॅमिंग्टन रोडवरून आणलेले हेडफोन आणि पहाटे चारचा गजर.

शिकायला लांब जायला नको. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 पासून दृष्टिहीनांसाठीचं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आहे, वरळीला 'नॅब' आहे. दादरची मुलींची अंधशाळा तर 1900 सालची. आपल्याच टापूत एवढं सगळं असताना, तुमच्या वर्गातल्या अंध मित्राला 'तुला जमेल का रे?' असं विचारू नका.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये असाल तर दोन गोष्टी मात्र करा. एररचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर टाकू नका, तोच मजकूर कॉपी करून पाठवा. आणि फोनवर 'अरे, ते वर लाल दिसतंय ना, तिथे' असं म्हणू नका. 'ओळ 47' म्हणा. कंट्रोल, जी, 47, एंटर. तुमचा माउस पोचायच्या आत तो तिथे पोचलेला असेल.